प्रौढांच्या हृदयशस्त्रक्रियेतील उपचारांची तुलना

प्रौढांच्या हृदयशस्त्रक्रियेतील उपचारांची तुलना ही वैद्यकीय संशोधनाची एक शाखा आहे. एकाच हृदयविकारावर उपलब्ध असलेल्या दोन किंवा अधिक उपचारांपैकी कोणत्या उपचारानंतर रुग्ण अधिक काळ आणि अधिक चांगल्या प्रकारे जगतात, याचा अभ्यास या शाखेत केला जातो. बायपास शस्त्रक्रिया, अँजिओप्लास्टी व औषधोपचार यांची परस्परांशी तुलना, शस्त्रक्रियेच्या निरनिराळ्या पद्धतींची तुलना, कृत्रिम झडपांची तुलना आणि रुग्णालये व शल्यविशारद यांच्या निष्पत्तींची तुलना हे तिचे मुख्य विषय आहेत. या क्षेत्रातील बहुतेक वाद एकाच प्रश्नाभोवती फिरतात: ज्यांची तुलना केली जात आहे ते रुग्ण मुळात सारखे होते काय? ज्या रुग्णालयात अधिक आजारी रुग्ण येतात तेथे अधिक मृत्यू होतात आणि ज्या उपचारासाठी तुलनेने सुदृढ रुग्ण निवडले जातात तो उपचार उत्तम वाटतो. त्यामुळे केवळ मृत्यूंची टक्केवारी पाहून काढलेला निष्कर्ष पुष्कळदा चुकीचा ठरतो.

पार्श्वभूमी

हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्यांना कोरोनरी रोहिण्या म्हणतात. त्या अरुंद झाल्या की चालताना वा श्रम करताना छातीत दुखते (अंजायना) आणि एखादी पूर्ण बंद झाली की हृदयविकाराचा झटका येतो. ६ मे १९५३ रोजी जॉन गिबन यांनी फिलाडेल्फिया येथे हृदय-फुप्फुस यंत्राच्या साहाय्याने हृदयाच्या पडद्यातील छिद्र यशस्वीपणे बंद केले. त्यानंतर उघड्या हृदयावरील शस्त्रक्रियेचे युग सुरू झाले. १९६४ मध्ये लेनिनग्राड येथे वासिली कोलेसोव्ह यांनी छातीच्या भिंतीमागील अंतःस्तन रोहिणी कोरोनरी रोहिणीला जोडली. १९६७ मध्ये अमेरिकेतील क्लीव्हलँड क्लिनिकमध्ये मूळचे अर्जेंटिनाचे असलेले रेने फावालोरो यांनी पायातील शिरेचा तुकडा वापरून बायपास करण्याची पद्धत रूढ केली. १६ सप्टेंबर १९७७ रोजी झुरिक येथे आंद्रेआस ग्रुंटझिग यांनी फुग्याच्या साहाय्याने कोरोनरी रोहिणी रुंद केली. छाती न उघडता करता येणारा हा उपचार अँजिओप्लास्टी या नावाने ओळखला जातो. पुढे त्यात धातूच्या जाळीची म्हणजे स्टेंटची, नंतर औषधलेपित स्टेंटची भर पडली.

लटकी शस्त्रक्रिया आणि तुलनेची गरज

१९५० च्या दशकात अंजायनासाठी अंतःस्तन रोहिणी बांधून टाकण्याची शस्त्रक्रिया लोकप्रिय झाली होती. ही वाहिनी बंद केल्यास तिच्यातील रक्त हृदयाकडे वळेल, अशी त्यामागील कल्पना होती. शस्त्रक्रियेनंतर बहुसंख्य रुग्णांना आराम पडे. १९५९ मध्ये लिओनार्ड कॉब व सहकाऱ्यांनी सतरा रुग्णांवरील एक छोटा प्रयोग प्रसिद्ध केला. त्यातील आठ रुग्णांची रोहिणी खरोखर बांधण्यात आली, तर नऊ जणांच्या छातीवर केवळ छेद देऊन तो शिवण्यात आला. दोन्ही गटांना सारखाच आराम पडला. पुढच्याच वर्षी ग्रे डायमंड यांच्या अठरा रुग्णांवरील प्रयोगातही हेच दिसले आणि ही शस्त्रक्रिया अल्पावधीत मागे पडली. हीच रोहिणी बांधून न टाकता कोरोनरी रोहिणीला जोडली असता ती बायपाससाठी सर्वांत टिकाऊ ठरते, ही गोष्ट यथावकाश सिद्ध व्हायची होती.

रुग्णाला बरे वाटणे हा उपचाराच्या गुणाचा पुरेसा पुरावा नव्हे, हे या प्रयोगाने दाखवले. मात्र त्याचा धडा अँजिओप्लास्टीला लावला जाण्यास जवळजवळ साठ वर्षे लागली. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ऑर्बिटा चाचणीत २०० रुग्णांपैकी निम्म्यांवर लटकी अँजिओप्लास्टी करण्यात आली. सर्वांना भरपूर औषधे दिलेली असताना दोन गटांच्या व्यायामक्षमतेतील वाढीत लक्षणीय फरक आढळला नाही. २०२३ मधील ऑर्बिटा-२ चाचणीत अंजायनाची औषधे थांबवून तीच तुलना केली असता खऱ्या अँजिओप्लास्टीने अंजायना कमी झाल्याचे दिसले. दोन्ही निष्कर्षांत विसंगती नाही, कारण दोन्ही चाचण्यांनी विचारलेले प्रश्न वेगळे होते.

औषधोपचार आणि बायपास

बायपासची पहिली मोठी यादृच्छिक चाचणी अमेरिकेच्या माजी सैनिकांच्या रुग्णालयांत झाली. यादृच्छिक चाचणीत कोणत्या रुग्णाला कोणता उपचार द्यायचा हे डॉक्टर ठरवत नाहीत, ते चिठ्ठी टाकल्याप्रमाणे ठरते. त्यामुळे वय, मधुमेह, धूम्रपान असे ज्ञात घटक आणि कोणालाही ठाऊक नसलेले घटकही दोन्ही गटांत सरासरीने सारखे वाटले जातात. १९७२ ते १९७४ दरम्यान या चाचणीत ६८६ रुग्ण दाखल झाले. डावी मुख्य कोरोनरी रोहिणी अरुंद असलेल्यांना शस्त्रक्रियेचा स्पष्ट लाभ झाला. ती वगळता उरलेल्या ५९६ रुग्णांपैकी तीन वर्षांनी औषधोपचाराच्या गटातील ८७ टक्के, तर शस्त्रक्रियेच्या गटातील ८८ टक्के रुग्ण जिवंत होते. १९७७ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध होताच शल्यविशारदांनी त्यांवर कडाडून टीका केली. सहभागी रुग्णालयांतील शस्त्रक्रियेचा मृत्युदर निष्णात केंद्रांपेक्षा अधिक होता, हा त्यांचा मुख्य आक्षेप होता आणि तो अगदीच निराधार नव्हता.

नंतर युरोपीय चाचणी (७६८ रुग्ण) आणि कॅस चाचणी (७८० रुग्ण) झाल्या. सलीम युसुफ व सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये अशा सात चाचण्यांतील २,६४९ रुग्णांची माहिती एकत्र करून तिचे विश्लेषण केले. पाच वर्षांनी बायपास गटात १०.२ टक्के व औषधोपचार गटात १५.८ टक्के, तर दहा वर्षांनी अनुक्रमे २६.४ व ३०.५ टक्के मृत्यू झालेले आढळले. दहा वर्षांत औषधोपचार गटातील एक तृतीयांशाहून अधिक रुग्णांनी पुढे बायपास करून घेतला होता. तरीही त्यांची गणना मूळ गटातच करण्यात आली, कारण रुग्णांना उपचारानुसार नव्याने गटांत टाकले तर चिठ्ठीने साधलेला समतोल बिघडतो. या संकेताला ‘नियोजित उपचारानुसार विश्लेषण’ म्हणतात.

या जुन्या चाचण्या स्टॅटिन औषधांपूर्वीच्या होत्या. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या इस्केमिया चाचणीत भारतासह ३७ देशांतील ५,१७९ रुग्ण होते. स्थिर अंजायना असलेल्या रुग्णांमध्ये आधुनिक औषधांसोबत सुरुवातीलाच अँजिओप्लास्टी वा बायपास केल्याने, सरासरी सुमारे तीन वर्षांच्या काळात, मृत्यू व हृदयविकाराचे झटके लक्षणीयरीत्या कमी झाले नाहीत. ज्यांना वारंवार अंजायना होत होता त्यांचा त्रास मात्र कमी झाला. डावी मुख्य रोहिणी अरुंद असलेले, हृदयाची क्षमता फार खालावलेले आणि नुकताच झटका आलेले रुग्ण या चाचणीत नव्हते. हा तपशील वगळून ‘स्टेंट निरुपयोगी’ असा अर्थ काढणे चुकीचे आहे. झटका येत असताना तातडीने केलेली अँजिओप्लास्टी जीव वाचवते, याविषयी दुमत नाही.

निवडीचा दोष

चाचणी न करता केवळ नोंदींवरून केलेल्या तुलनेला निरीक्षणात्मक अभ्यास म्हणतात. १९८६ मध्ये क्लीव्हलँड क्लिनिकच्या फ्लॉइड लूप व सहकाऱ्यांनी अंतःस्तन रोहिणी वापरलेल्या २,३०६ आणि केवळ पायातील शिरा वापरलेल्या ३,६२५ रुग्णांची तुलना केली. दहा वर्षांच्या काळात दुसऱ्या गटातील मृत्यूची जोखीम पहिल्या गटाच्या १.६१ पट होती. या अभ्यासानंतर हृदयाच्या पुढील बाजूच्या मुख्य वाहिनीला डावी अंतःस्तन रोहिणी जोडणे हा जगभर नियम झाला. ही रोहिणी वर्षानुवर्षे उघडी राहते आणि शिरा मात्र कालांतराने बुजतात, हे अँजिओग्राफीतही दिसत असल्याने निष्कर्षाला बळ मिळाले.

एक रोहिणी चांगली तर दोन अधिक चांगल्या, हा पुढचा तर्क होता. निरीक्षणात्मक अभ्यासांत दोन्ही अंतःस्तन रोहिण्या वापरलेले रुग्ण खरोखरच अधिक जगताना दिसत. परंतु दोन्ही रोहिण्या काढण्यास वेळ लागतो आणि छातीचे हाड भरून येण्यात अडचणी येऊ शकतात. म्हणून शल्यविशारद ही पद्धत सहसा तरुण व सुदृढ रुग्णांसाठीच राखून ठेवत. भारतासह सात देशांत झालेल्या आर्ट चाचणीत ३,१०२ रुग्णांना चिठ्ठीने गट देण्यात आले. दहा वर्षांनी दोन रोहिण्यांच्या गटात २०.३ टक्के व एका रोहिणीच्या गटात २१.२ टक्के मृत्यू झाले होते, म्हणजे फरक लक्षणीय नव्हता. तथापि दोन रोहिण्यांच्या गटातील बऱ्याच रुग्णांना प्रत्यक्षात एकच रोहिणी जोडली गेली आणि दुसऱ्या गटातील अनेकांना हातातील रोहिणीचा ग्राफ्ट मिळाला. त्यामुळे वाद पूर्णपणे मिटलेला नाही.

अँजिओप्लास्टी आणि बायपास

फुग्याच्या अँजिओप्लास्टीची बायपासशी तुलना करणाऱ्या बारी चाचणीत १,८२९ रुग्ण होते. एकूण रुग्णांत दोन्ही उपचार जवळजवळ तुल्यबळ ठरले. मधुमेही रुग्णांत मात्र पाच वर्षांनी बायपास गटातील ८०.६ टक्के, तर अँजिओप्लास्टी गटातील ६५.५ टक्के रुग्ण हयात होते. त्यानंतर औषधलेपित स्टेंट आले, तरी मधुमेहींबाबतचे चित्र पालटले नाही. २०१२ मधील फ्रीडम चाचणीत अनेक वाहिन्यांचा विकार असलेल्या १,९०० मधुमेहींपैकी पाच वर्षांत स्टेंट गटातील १६.३ टक्के व बायपास गटातील १०.९ टक्के रुग्ण दगावले. उलट पक्षाघाताचे प्रमाण बायपास गटात अधिक होते: ५.२ टक्के, तर स्टेंट गटात २.४ टक्के.

सिन्टॅक्स चाचणीत तिन्ही वाहिन्यांचा किंवा डाव्या मुख्य रोहिणीचा विकार असलेले १,८०० रुग्ण होते. तिने या क्षेत्राला एक मोजपट्टीही दिली. अँजिओग्राफीत दिसणाऱ्या अडथळ्यांची संख्या, जागा व गुंतागुंत यांवरून काढलेला सिन्टॅक्स गुणांक आज हृदयरोगतज्ज्ञ व शल्यविशारद यांच्या संयुक्त चर्चेत वापरला जातो. पहिल्या वर्षाअखेर पुन्हा वाहिनी उघडण्याची वेळ स्टेंट गटातील १३.५ टक्के व बायपास गटातील ५.९ टक्के रुग्णांवर आली. पक्षाघात मात्र स्टेंट गटात ०.६ टक्के व बायपास गटात २.२ टक्के रुग्णांना झाला. दहा वर्षांनी तिन्ही वाहिन्यांचा विकार असलेल्यांपैकी स्टेंट गटातील २८ टक्के व बायपास गटातील २१ टक्के रुग्ण मृत्यू पावले होते. डाव्या मुख्य रोहिणीच्या रुग्णांत असा फरक नव्हता.

एक्सेल चाचणीचा वाद

डाव्या मुख्य रोहिणीच्या विकारावरील एक्सेल चाचणीत १,९०५ रुग्ण होते. मृत्यू, पक्षाघात व हृदयविकाराचा झटका यांपैकी काहीही झाले तर ती एक ‘घटना’ मोजायची, असे ठरले होते. २०१६ मधील निष्कर्षांनुसार तीन वर्षांत स्टेंट गटात १५.४ टक्के व बायपास गटात १४.७ टक्के घटना झाल्या. २०१९ मधील पाच वर्षांच्या निष्कर्षांत हे आकडे २२.० व १९.२ टक्के होते आणि हा फरक सांख्यिकीदृष्ट्या लक्षणीय नसल्याचे संशोधकांनी म्हटले. परंतु सर्व कारणांनी झालेले मृत्यू स्टेंट गटात १३.० टक्के, तर बायपास गटात ९.९ टक्के होते.

वादाच्या मुळाशी झटक्याची व्याख्या होती. कोणत्याही हृदयप्रक्रियेनंतर स्नायूंतील काही विकरे रक्तात वाढतात आणि बायपासनंतर ती साहजिकच अधिक वाढतात. चाचणीच्या व्याख्येत विकरांच्या मोठ्या वाढीलाच झटका मानले जाई. प्रचलित सार्वत्रिक व्याख्येत त्यासोबत ईसीजी वा प्रतिमाचित्रणातील पुरावाही आवश्यक असतो. पहिल्या व्याख्येमुळे बायपास गटातील सुरुवातीच्या झटक्यांची संख्या वाढते आणि एकत्रित मोजणीत ती नंतरच्या मृत्यूंचा फरक झाकून टाकते, असे टीकाकारांचे म्हणणे होते. चाचणीच्या शस्त्रक्रिया विभागाचे प्रमुख, ऑक्सफर्डचे डेव्हिड टॅगर्ट यांनी पाच वर्षांच्या शोधनिबंधावरून आपले नाव काढून घेतले. डिसेंबर २०१९ मध्ये बीबीसीने हे प्रकरण प्रसारित केल्यावर युरोपीय हृदय-वक्ष शल्यविशारदांच्या संघटनेने डाव्या मुख्य रोहिणीविषयीच्या संयुक्त मार्गदर्शक सूचनांना दिलेला पाठिंबा मागे घेतला. संशोधकांनी आरोप फेटाळले. व्याख्या चाचणीपूर्वीच ठरलेली होती आणि हृदयविकाराने झालेल्या मृत्यूंत फरक नव्हता, असे त्यांनी सांगितले.

२०२१ मध्ये चार चाचण्यांतील ४,३९४ रुग्णांच्या एकत्रित विश्लेषणात पाच वर्षांतील मृत्यू स्टेंट गटात ११.२ टक्के व बायपास गटात १०.२ टक्के आढळले. हा फरक सांख्यिकीदृष्ट्या लक्षणीय नव्हता. जिवाला गंभीर धोका निर्माण करणारा झटका आणि प्रयोगशाळेतील आकड्यापुरता झटका यांना एकाच मापाने मोजावे का, हा प्रश्न मात्र एकत्रित निष्पत्ती वापरणाऱ्या प्रत्येक चाचणीला लागू पडतो.

पाठपुराव्याचा काळ

शस्त्रक्रियेची किंमत रुग्ण पहिल्या काही आठवड्यांतच मोजतो, लाभ मात्र वर्षांनुवर्षे साठत जातो. त्यामुळे तुलना कधी थांबवली यावर निकाल अवलंबून राहतो. हृदयाची रक्त बाहेर टाकण्याची क्षमता ३५ टक्के वा त्याहून कमी असलेल्या १,२१२ रुग्णांवरील स्टिच चाचणी याचे ठळक उदाहरण आहे. २०११ मध्ये, सुमारे पाच वर्षांच्या पाठपुराव्यानंतर, औषधोपचार गटात ४१ व बायपास गटात ३६ टक्के मृत्यू झाले होते आणि हा फरक लक्षणीय ठरला नाही. दहा वर्षांनंतर आकडे ६६.१ व ५८.९ टक्के झाले आणि बायपासचा लाभ सिद्ध झाला.

हृदय न थांबवता, धडधडत्या हृदयावर केलेल्या बायपासबाबत उलट अनुभव आला. हृदय-फुप्फुस यंत्र टाळल्याने पक्षाघात व मूत्रपिंडाचे विकार कमी होतील, अशी अपेक्षा होती. ४,७५२ रुग्णांच्या कोरोनरी चाचणीत पाच वर्षांनी मृत्यू व मोठ्या गुंतागुंतींचे प्रमाण जवळजवळ सारखे (२३.१ व २३.६ टक्के) राहिले. अमेरिकेतील रूबी चाचणीत मात्र पाच वर्षांनी धडधडत्या हृदयावर शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी १५.२ टक्के, तर यंत्राच्या साहाय्याने झालेल्यांपैकी ११.९ टक्के रुग्ण दगावले होते. कोरोनरी चाचणीत या पद्धतीचा पुरेसा सराव असलेल्या शल्यविशारदांनाच घेतले होते, तर रूबीत अनेक शस्त्रक्रियांमध्ये प्रशिक्षणार्थींचा सहभाग होता. औषधाची गोळी कोणीही दिली तरी तीच असते, शस्त्रक्रियेचे तसे नसते. या पद्धतीचा भारतात मोठ्या प्रमाणावर वापर होत असल्याने येथील वाचकांसाठी हा मुद्दा विशेष महत्त्वाचा आहे.

झडपांच्या शस्त्रक्रिया

यांत्रिक झडप दीर्घकाळ टिकते, पण रक्त पातळ ठेवणारे औषध जन्मभर घ्यावे लागते. प्राण्यांच्या ऊतींपासून बनवलेल्या जैविक झडपेला ते सहसा लागत नाही, मात्र ती काही वर्षांनी झिजते. अमेरिकेतील ५७५ माजी सैनिकांवरील चाचणीत महारोहिणीची झडप बदललेल्यांपैकी पंधरा वर्षांनी यांत्रिक गटातील ६६ टक्के व जैविक गटातील ७९ टक्के रुग्ण मृत्यू पावले होते. रक्तस्रावाचे प्रमाण यांत्रिक गटात अधिक होते.

२००२ मध्ये फ्रान्समधील रूआँ येथे अलँ क्रिबिए यांनी मांडीतील रक्तवाहिनीतून नलिका नेऊन महारोहिणीची झडप बसवली. प्रारंभी शस्त्रक्रिया अशक्य असलेल्या वृद्धांसाठी असलेली ही पद्धत (टावी) २०१९ मधील पार्टनर-३ चाचणीनंतर कमी जोखमीच्या रुग्णांपर्यंत पोहोचली. पहिल्या वर्षी मृत्यू, पक्षाघात वा पुन्हा रुग्णालयात दाखल होणे यांचे एकत्रित प्रमाण टावी गटात ८.५ व शस्त्रक्रिया गटात १५.१ टक्के होते. पाच वर्षांनी दोन्ही गटांतील अंतर लक्षणीय उरले नाही. या चाचणीतील रुग्णांचे सरासरी वय ७३ होते, त्यामुळे तिचे निष्कर्ष तरुणांना थेट लावता येत नाहीत.

रुग्णालये व शल्यविशारदांची तुलना

न्यूयॉर्क राज्याच्या आरोग्य विभागाने १९८९ पासून प्रत्येक बायपास रुग्णाची माहिती गोळा करण्यास सुरुवात केली आणि पुढच्या वर्षी रुग्णालयनिहाय मृत्युदर जाहीर केले. ‘न्यूजडे’ या वृत्तपत्राने न्यायालयात जाऊन शल्यविशारदनिहाय आकडेही मिळवले व ते १९९१ मध्ये छापले. हे आकडे जोखीम-समायोजित असतात. वय, हृदयाची क्षमता, मूत्रपिंडाचा विकार, शस्त्रक्रियेची तातडी इत्यादींवरून प्रत्येक रुग्णाच्या मृत्यूची शक्यता काढून तिची बेरीज, म्हणजे अपेक्षित मृत्यू, प्रत्यक्ष मृत्यूंशी ताडून पाहतात. समजा, एका रुग्णालयात शंभरांपैकी दोन रुग्ण दगावले, पण अपेक्षित मृत्यू एकच होता. दुसऱ्यात पाच दगावले, पण अपेक्षित मृत्यू आठ होते. अशा वेळी दुसऱ्या रुग्णालयाची कामगिरी सरस मानली जाते.

१९८९ ते १९९२ या काळात न्यूयॉर्कमधील जोखीम-समायोजित मृत्युदर ४.१७ वरून २.४५ टक्क्यांवर आला. समर्थक याचे श्रेय जाहीर आकड्यांना देतात. टीकाकारांच्या मते अतिजोखमीच्या रुग्णांना टाळण्याची वृत्ती वाढली आणि रुग्णांच्या सहव्याधी कागदोपत्री फुगवल्या जाऊ लागल्या. अशीच व्यवस्था असलेल्या पेनसिल्व्हेनियात १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत ५९ टक्के हृदयरोगतज्ज्ञांनी गंभीर रुग्णांसाठी शल्यविशारद मिळणे अधिक कठीण झाल्याचे सांगितले. शिवाय संख्या लहान असते. वर्षाला शंभर शस्त्रक्रिया करणाऱ्या व खरा मृत्युदर दोन टक्के असलेल्या शल्यविशारदाच्या नावावर केवळ योगायोगाने एका वर्षी शून्य, तर दुसऱ्या वर्षी चार मृत्यू नोंदले जाऊ शकतात.

युरोपात १९९९ मध्ये तयार झालेला युरोस्कोअर हा गुणांक अशाच तुलनेसाठी वापरला जातो. शस्त्रक्रिया सुधारत गेल्या तसा तो प्रत्यक्षापेक्षा अधिक मृत्यूंचे भाकीत करू लागला आणि त्याच्या आधारे जवळपास प्रत्येक रुग्णालय सरासरीपेक्षा सरस दिसू लागले. म्हणून २०१२ मध्ये ४३ देशांतील २२,३८१ रुग्णांच्या माहितीवरून युरोस्कोअर-२ तयार करण्यात आला.

भारतातील स्थिती

भारतातील रुग्णांची घडण पाश्चात्त्य चाचण्यांतील रुग्णांपेक्षा वेगळी आहे. कोरोनरी विकार तुलनेने कमी वयात होतो, मधुमेहाचे प्रमाण मोठे असते आणि ऱ्हुमॅटिक हृदयविकारामुळे झडप बदलावी लागणाऱ्यांत तरुण स्त्रिया बऱ्याच असतात. गर्भारपण आणि रक्त पातळ ठेवणारे औषध यांचा मेळ घालणे अवघड असते. शिवाय या औषधाची मात्रा ठरवण्यासाठी वारंवार रक्ततपासणी लागते आणि ती गावपातळीवर सहज होत नाही. त्यामुळे परदेशातील वयोमर्यादांवरून झडपेची निवड करणे येथे पुरेसे ठरत नाही. तिरुवनंतपुरम येथील श्री चित्रा तिरुनल संस्थेत विकसित झालेली यांत्रिक झडप डिसेंबर १९९० मध्ये प्रथम बसवण्यात आली. आयात झडपांहून स्वस्त असल्याने ती अनेकांच्या आवाक्यात आली.

खर्चाचा घटकही निवडीवर परिणाम करतो. फेब्रुवारी २०१७ मध्ये केंद्र सरकारने औषधलेपित स्टेंटची कमाल किंमत २९,६०० रुपये व साध्या स्टेंटची ७,२६० रुपये ठरवली. महाराष्ट्रात २०१२ मध्ये सुरू झालेल्या राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजनेत (२०१७ पासून महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजना) बायपास व अँजिओप्लास्टी दोन्हींचा समावेश आहे. शल्यविशारदनिहाय किंवा रुग्णालयनिहाय जोखीम-समायोजित मृत्युदर जाहीर करण्याची सक्ती मात्र देशात नाही. एखादे रुग्णालय जाहिरातीत यशाची टक्केवारी देते, तेव्हा कोणत्या रुग्णांवर शस्त्रक्रिया झाली, किती दिवसांपर्यंतचे मृत्यू मोजले आणि घरी गेल्यावर दगावलेल्यांची नोंद झाली का, याचा उल्लेख त्यात क्वचितच असतो.